एक्स्चेंज आणि फोरक्लोजर: हप्ते चालू असताना फोन बदलणाऱ्यांसाठी

दिवाळीचे सेल आटोपले की आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरात एक प्रश्न हमखास कानावर येतो, आणि मागच्या वेळी तो शेजारच्या मुलाने दारात उभे राहूनच विचारला: "काकाजी, जुना फोन तर मी बर्डीवर देऊन टाकला, मंग त्याचा हप्ता काहून कापला?" मुलगा शिकलेला आहे, हिशेबात कच्चा नाही, तरीही एक्स्चेंज आणि फोरक्लोजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला दुकानात कोणी सांगितले नव्हते. हे मी इतक्यांदा समजावून झालो आहे की आता ते एकदा लिहूनच ठेवतो.

एक्स्चेंज सगळ्यांना ठाऊक असते. जुना फोन द्यायचा, दुकानदाराने काच, बॅटरी आणि कॅमेरा पाहून किंमत लावायची आणि ती नव्या फोनच्या किमतीतून वजा करायची. डेटा पुसणे, खात्यातून बाहेर पडणे, डबा आणि चार्जर असेल तर दोन पैसे जास्त मिळणे, या बाबी दुकानातला पोरगाही सांगतो. फोरक्लोजर म्हणजे मुदतीआधी कर्जाची उरलेली सगळी रक्कम एकदम भरून खाते बंद करणे. व्याख्या इतकी सोपी असूनही घोटाळा होतो, तो व्याख्येत नसून दुकानातल्या टेबलावर आहे.

तेथे काय होते ते पाहा. बर्डी म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या कोणत्याही मोठ्या मोबाइल दुकानात फोन दाखवणारा विक्रेता आणि हप्ते करून देणारा वित्तकंपनीचा माणूस शेजारी शेजारी उभे असतात. आधार आणि पॅन एकाच हातात दिले जाते, ओटीपी एकापाठोपाठ एक येतात, आणि अर्ध्या तासात आपण डबा घेऊन बाहेर पडतो. साहजिकच आपल्याला वाटते की फोन आणि हप्ते ही एकाच घरची भावंडे आहेत. प्रत्यक्षात आपण दोन निराळ्या पक्षांशी दोन निराळे व्यवहार केलेले असतात: दुकानदाराकडून वस्तू घेतली आणि वित्तकंपनीकडून पैसे घेतले. कर्ज झाल्यावर दुकानदाराचा हिशेब वित्तकंपनीने मिटवला आणि त्यानंतर आपल्या हप्त्यांशी त्याचा काही संबंध उरला नाही. म्हणून वर्षाच्या मध्यात आपण त्याच दुकानात, त्याच माणसाच्या हातात जुना फोन ठेवला, तरी आपण कर्ज परत केलेले नसते. आपण फक्त एक वस्तू विकलेली असते. एक्स्चेंज ही विक्रीच आहे, हे कायदाही तसेच मानतो. जीएसटीच्या नियम २७ मध्ये उदाहरण नेमके फोनचेच दिले आहे: जुना फोन घेऊन नवा २०,००० रुपयांना दिला आणि एक्स्चेंजशिवाय त्याची किंमत २४,००० असली, तर नव्या फोनचे मूल्य २४,०००च धरायचे. म्हणजे जुना फोन ही किमतीचा भाग म्हणून दिलेली वस्तू ठरते, तिच्यावर कोणाचे कर्ज आहे की नाही याची त्या हिशेबात नोंदच नसते.

हा घोळ दुचाकीच्या बाबतीत का होत नाही, याचा विचार केला की मुद्दा स्वच्छ दिसतो. एमएच-३१ची गाडी कर्जावर घेतली की आरसी बुकावर कर्जदात्याचे नाव चढते, आणि नमुना ३५ (ते नाव काढण्याचा अर्ज) व ना-हरकत प्रमाणपत्र मिळेपर्यंत ते उतरत नाही. शेतीच्या बाबतीत सातबाऱ्यावर बोजा दिसतो आणि खरेदीदार तो वाचूनच पुढचे बोलतो. फोनला ना आरसी आहे ना सातबारा. वित्तकंपनीच्या अनेक करारांत फोन नजरगहाण (ताबा आपल्याकडे, पण कर्जासाठी तारण) असल्याचे कलम असते, पण ते कराराच्या पानातच राहते आणि काउंटरवर कोणाला दिसत नाही. त्यामुळे दुकानदार अडवत नाही, आणि त्याने अडवले नाही म्हणजे चालते, असा अर्थ आपण काढतो. बहुतेक एक्स्चेंजच्या अर्जावर मात्र हा फोन माझ्या मालकीचा असून त्यावर कोणाचा बोजा नाही अशा अर्थाचे वाक्य असते आणि त्याखाली आपण न वाचता टिचकी मारलेली असते. काही कर्जदाते हँडसेटमध्ये कुलूप लावणारे ॲप टाकत आले आहेत. असा फोन दुसऱ्याच्या हाती गेल्यावर आपला हप्ता थकला आणि त्याचा पडदा बंद झाला, तर तो माणूस जाब विचारायला कोणाकडे येईल हे सांगायला नको. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत फोन सहसा गहाण नसतो, म्हणून तो विकायला अडचण नाही, पण हप्ते तेथेही चालूच राहतात.

या गैरसमजाचे एक मूळ परदेशी व्हिडिओंत आहे, असे माझे मत आहे. अमेरिकेत फोन पुष्कळदा सिमकार्ड देणाऱ्या कंपनीकडूनच हप्त्याने मिळतो, आणि तेथील काही योजनांत ठरावीक रक्कम फेडल्यावर कंपनी जुना फोन परत घेऊन उरलेले हप्ते माफ करते. तेथे वस्तू देणारा आणि उधार देणारा एकच असतो, म्हणून ते जमते. आपल्याकडे २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हाती दिला तेव्हा फोन आणि कनेक्शन एकमेकांना बांधलेले होते. आज ते तसे नसते. सिम कोणते घालावे आणि नंबर पोर्ट करावा की नाही, याचा हप्त्यांशी संबंध नाही. या मुद्द्यावर याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

आता शेजारच्या मुलाचा हिशेब सांगतो, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही. फोन ३६,००० रुपयांचा, ३,०००चे १२ हप्ते, त्यांतले सात भरलेले. म्हणजे १५,००० बाकी. दुकानात जुन्या फोनचे ११,००० मिळाले, नवा फोन ४१,०००चा, म्हणून उरलेल्या ३०,०००चे पुन्हा १२ हप्ते, महिना २,५००. "हप्ता उलट पाचशेने कमी झाला," असे त्याला सांगितले गेले आणि त्याने ते मानले. पुढचे पाच महिने त्याच्या खात्यातून ५,५०० जाणार होते, कारण जुन्या फोनचे १५,००० कोणी भरलेच नव्हते. खात्यात ३,०००च ठेवल्यामुळे नवा हप्ता परत गेला, बँकेने दंड लावला आणि वित्तकंपनीने वेगळा लावला. कर्जाची माहिती १ जानेवारी २०२५ पासून निदान पंधरवड्याला क्रेडिट ब्युरोकडे (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे) जाते, त्यामुळे थकलेला हप्ता लपून राहण्याची आशा करू नये.

बिनव्याजी म्हणून खपवल्या जाणाऱ्या हप्त्यांना लावतात त्या "नो-कॉस्ट" या शब्दाचा मला मनस्वी कंटाळा आहे. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते; तेव्हापासून व्याज सूट म्हणून आधीच वजा दाखवण्याची पद्धत रूढ झाली आहे. फोरक्लोजर करणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की दुकानातल्या अशा योजनेत लवकर फेडून सहसा काही वाचत नाही, बाकीच्या हप्त्यांइतकीच रक्कम भरावी लागते आणि असल्यास शुल्क वर. व्याजाच्या कर्जात मात्र पुढचे व्याज वाचते. वैयक्तिक कर्जाला फोरक्लोजर शुल्क नसतेच, असे छातीठोकपणे सांगणारे लोक फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या कर्जाचा नियम फोनला लावतात. फोनचे कर्ज साधारणपणे स्थिर दराचे असते. खरे शुल्क १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना सक्तीच्या झालेल्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाच्या पत्रकात, लिहिलेले असते, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत मागता येते. मागा.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी फोरक्लोजर, मग दाखला, मग एक्स्चेंज. हातात १५,००० नसतील तर पाच महिने थांबावे. तेवढ्यात जुन्या फोनची किंमत थोडी उतरेल हे खरे, पण दोन हप्त्यांची ओढाताण त्याहून महाग पडते. फोरक्लोजर दुकानात होत नाही. कर्जदात्याच्या ॲपवर किंवा ग्राहक सेवेकडे तशी विनंती नोंदवून, अमुक तारखेपर्यंत किती भरायचे याचे पत्र घ्यावे आणि नेमकी तेवढीच रक्कम तेथेच भरावी. विनंती न करता नुसते पैसे टाकले तर ते पुढच्या हप्त्यांचे आगाऊ पैसे म्हणून धरले जाऊ शकतात आणि खाते उघडेच राहते. त्यानंतर थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि बँकेतला नॅच मँडेट (हप्ता आपोआप कापण्याची परवानगी) रद्द झाला का ते पाहावे.

महिन्याभराने क्रेडिट अहवाल पाहावा. चारही ब्युरोंकडून वर्षातून प्रत्येकी एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. खाते बंद होऊनही तेथे चालू दिसत असेल तर दाखला जोडून तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.