थायरॉइडची गोळी चालू आहे? मग रिपोर्ट असा वाचा

रिपोर्ट हातात पडला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हमखास विचारलं जातं, "टीएसएच वाढलाय, म्हणजे थायरॉइड वाढला ना?" खरं तर उलट. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा संदेश; तो बनतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत. रक्तात थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की ती टीएसएच वाढवते, जास्त झालं की घटवते. त्यामुळे कमी पडणारं हार्मोन भरून काढणारी गोळी (थायरॉक्सिन) घेणाऱ्याचा टीएसएच चढला असेल तर औषध बहुधा कमी पडतंय. फार उतरला असेल तर जास्त होतंय.

मोठ्या माणसांत टीएसएच साधारण ०.४ ते ४ असतो. लॅबनुसार हे आकडे थोडे बदलतात, म्हणून आपल्याच रिपोर्टवर छापलेली रेंज पाहा. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काही पेशंटचा टीएसएच डॉक्टर मुद्दाम खाली ठेवतात. तिथे 'लो' दिसलं म्हणून घाबरू नका.

गोंधळ होतो तो अशा रिपोर्टवर: टीएसएच १२, पण फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) अगदी नॉर्मल. मशीन चुकलं का? बहुतेक वेळा नाही. पुष्कळदा महिनाभर गोळ्या अधूनमधून राहिलेल्या असतात आणि टेस्ट जवळ आली म्हणून शेवटचे काही दिवस नेमाने घेतलेल्या असतात. फ्री टी-४ लगेच सावरतो, टीएसएच खाली यायला आठवडे लागतात. गोळ्या चुकल्या असतील तर डॉक्टरांना सरळ सांगा, नाहीतर डोस विनाकारण वाढेल. टीएसएच असा सावकाश बदलतो म्हणूनच डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करतात. पंधरा दिवसांत पुन्हा टेस्ट केलीत तर आमचं बिल होईल, तुम्हाला नवीन काही कळणार नाही.

या टेस्टसाठी उपाशी यायची गरज नाही. शक्यतो दर वेळी सकाळी, ठरावीक वेळेला या. त्या दिवशीची गोळी सोबत आणा आणि रक्त दिल्यावर घ्या; आधी घेतली तर फ्री टी-४ काही तास जास्त दिसतो. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर ते किमान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि आम्हालाही सांगा. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी येतो.

एरवी गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्या. चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या मात्र चार तासांच्या अंतराने.

पाळी चुकली आणि दिवस गेल्याची शंका असेल तर पुढच्या ठरलेल्या टेस्टची वाट पाहू नका, गोळीही बंद करू नका. गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो, तोही सुरुवातीपासूनच; त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.