रिपोर्टमध्ये ‘जास्त’ लिहून आलंय? आधी हे वाचा

रिपोर्टवर एखाद्या आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘जास्त’ दिसलं की काळजात धस्स होतं. आमच्या लॅबला येणारे बरेचसे फोन त्यापायीच असतात, म्हणून हे माहितीपत्रक.

रक्तातल्या ज्या घटकांचं प्रमाण मोजून शरीरात काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो, त्यांना बायोमार्कर म्हणतात. काही मार्कर आजार आत्ता आहे का ते सांगतात, तर काही पुढे होण्याचा धोका किती ते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस उगाच घाबरतो, नाहीतर उगाच निर्धास्त राहतो.

ट्रोपोनिन हा ‘आत्ता’चा मार्कर. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागू शकतात. म्हणूनच पहिला नमुना नॉर्मल आला तरी रुग्णालयात थोड्या वेळाने दुसरा घेतात आणि आकडा चढतोय का ते बघतात. छातीत दुखत असेल तर आमच्याकडे येऊन वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, हा धोक्याचा मार्कर. तो वाढला म्हणजे हृदयविकार जडला असं नाही, होण्याची शक्यता वाढली. ती किती, हे डॉक्टर वय, रक्तदाब, साखर, धूम्रपान हे सगळं बघून ठरवतात.

एचबीए१सी हा रक्तातल्या साखरेचा मार्कर दोन्हीकडे उपयोगी पडतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. आदल्या दिवशी पथ्य पाळून आकडा बदलत नाही. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करतात. मात्र लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा वाढू शकतो आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल तर खोटा उतरू शकतो.

आता ‘नॉर्मल रेंज’बद्दल. बहुतेक चाचण्यांची रेंज १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे पाच निरोगी माणसं बाहेर राहणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणून काही कारण नसताना भलंमोठं पॅकेज करून घ्या, असं आम्ही सुचवत नाही.

कॅन्सर मार्करच्या बाबतीत तर आमचा आग्रहच आहे की डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय करू नका. पीएसए (पुरुषांमधल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचा मार्कर) प्रोस्टेटच्या साध्या वाढीने किंवा संसर्गानेही चढतो, सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर) पाळीत आणि गरोदरपणातही. समजा, एखादा आजार १००० जणांत एकाला आहे आणि चाचणी १०० निरोगी लोकांपैकी पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. हजार जण तपासले तर एका खऱ्या रुग्णामागे सुमारे ५० निरोगी माणसं हादरतील, काहींची बायोप्सीही (तुकडा काढून तपासणी) होईल.

अल्झायमरच्या रक्तचाचणीबद्दलही हल्ली विचारणा होते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना मान्यता देणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये अशा पहिल्या चाचणीला परवानगी दिली, पण ती ५५ वर्षं आणि त्यापुढच्या, विसरण्याची किंवा तशी लक्षणं दिसू लागलेल्या रुग्णांसाठी. काहीच त्रास नसताना भविष्य बघण्यासाठी ती नाही.

नमुन्यातही बारकावे असतात. रक्त घेताना पेशी फुटल्या, तर सेंट्रिफ्यूजमधून (रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) ट्यूब काढल्यावर वरचं पिवळसर सीरम गुलाबी-लाल दिसतं. पेशींतलं पोटॅशियम त्यात मिसळलेलं असल्याने तो आकडा खोटा चढतो. असा नमुना आम्ही बाद करतो आणि तुम्हाला पुन्हा बोलावतो. दुसऱ्यांदा सुई टोचायला लावल्याचं आम्हालाही वाईट वाटतं, पण चुकीचा रिपोर्ट हातात देण्यापेक्षा ते बरं.

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर नमुना देण्याआधी जरूर सांगा. थायरॉइड आणि ट्रोपोनिनच्या काही चाचण्या त्याने फसतात. चालू औषधं, नुकताच येऊन गेलेला ताप, गरोदरपण हेही सांगा. मागचे रिपोर्ट असतील तर सोबत आणा, म्हणजे नवा आकडा तुमच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघता येईल.