मेणाच्या वडीचं दुसरं वाचन

अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी इंदूरहून सुटली तेव्हा माझ्या पिशवीत मेणाची एक वडी होती, आगपेटीहून लहान. रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तिच्यात होता. मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयात तो पुन्हा तपासून घ्यायचा होता. स्टेशनवर सोडायला आलेले काका म्हणाले, "रिपोर्टमध्ये कॅन्सर लिहिलाय, ऑपरेशनची तारीख मिळालीय. आता परत काय बघायचं?"

काकांचं काही चुकत नव्हतं. रिपोर्ट छापील, सही-शिक्क्याचा, अगदी रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टसारखा दिसतो. पण साखर यंत्र मोजतं, बायोप्सी, म्हणजे तपासायला काढलेला तुकडा, माणूस वाचतो. तुकडा कुजू नये म्हणून फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवतात, त्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरतात आणि वडीचे ३ ते ५ मायक्रॉनचे काप काढतात. केसापेक्षा कितीतरी पातळ. काप काचेवर ठेवून रंगवला की स्लाइड तयार. तिच्यात पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकी सगळं गुलाबी. पुढचं काम पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे स्लाइड वाचणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांचं: केंद्रकं किती बेढब झालीत? पेशी दुधाच्या नळीतच दाटीनं बसल्यात, की भिंत फोडून बाहेर पडल्यात?

इथे मुरलेल्या डोळ्यांचंही एकमत होत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११५ पॅथॉलॉजिस्टांना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाइड दिल्या आणि उत्तरं तीन तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिली. नळीबाहेर पडलेल्या कॅन्सरमध्ये ९६ टक्के उत्तरं जुळली. पेशी बिघडल्यात पण कॅन्सर म्हणता येत नाही, अशा 'ॲटिपिया'त मात्र फक्त ४८ टक्के. अर्थात तिथे प्रत्येक रुग्णाची एकच स्लाइड होती. रोजच्या कामात पॅथॉलॉजिस्ट आणखी काप मागवतो, शेजारच्या सहकाऱ्याला दाखवतो.

म्हणून घाबरायचं कारण नाही. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने बाहेरून आलेल्या ६,१७१ रुग्णांच्या स्लाइड पुन्हा वाचल्या, तेव्हा उपचार किंवा भवितव्य बदलेल इतका फरक ८६ जणांत निघाला. दीड टक्काही नाही. पण त्या ८६ जणांत आपण असलो तर टक्केवारीचं काय करायचं?

दुसरं वाचन सगळं सावरतं असंही नाही. तंबाखू-गुटख्यामुळे गालात येणारी चामखिळीसारखी वाढ घ्या. तुकडा वरवरचा निघाला असेल, तर खाली काय चाललंय ते कुणालाच दिसणार नाही. तिथे पुन्हा तुकडाच घ्यावा लागतो.

दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे ती मेणाची वडी, दोन्ही मागून घ्या. ब्लॉक हवा, कारण नवे काप आणि नव्या तपासण्या त्यातूनच होतात. बर्फ लागत नाही, पण मे महिन्यात उन्हातल्या गाडीत डबी विसरू नका. शेवटी मेणच ते. आणि हे सर्जनला सांगून करा. बहुतेक गाठींमध्ये आठवडाभर थांबल्यानं बिघडत नाही, पण तुमच्या गाठीबद्दल तेच सांगू शकतात.

काकूंचं निदान परळला बदललं नाही. कॅन्सरच होता. फक्त काही गाठींच्या वाढीला जोर देणाऱ्या हर-२ नावाच्या प्रथिनाची तपासणी पहिल्या रिपोर्टमध्ये 'संदिग्ध' म्हणून सोडलेली होती. त्याच वडीवर फिश तपासणी केली, म्हणजे हर-२ च्या जनुकाच्या प्रती मोजल्या, आणि ती पॉझिटिव्ह आली. गाठ मोठी होती, काखेतही पोचली होती. त्यामुळे क्रम उलटला: आधी हर-२ वरची औषधं आणि केमो, मग ऑपरेशन. आधीची तारीख काकांनी स्वतः फोन करून रद्द केली.