ड्रिलचा भाव का हलतो? कोटेशन सात दिवसांचंच का?

सप्रेम नमस्कार.

"मागच्या महिन्यात कमी रेटने दिलं होतं की!" हे काउंटरवर रोज ऐकतो. विचारणं रास्तच आहे, म्हणून हे माहितीपत्रक.

साध्या लोखंडाचा भाव स्थिर असला तरी ड्रिल आणि डाय ज्याचे बनतात त्या टूल स्टीलचा असेलच असं नाही. ड्रिलच्या एम-२ हायस्पीड स्टीलमध्ये (एचएसएस) साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असतं. एम-३५ म्हणजे जवळपास हेच, वर ५ टक्के कोबाल्ट. किलोमागे जेमतेम ५० ग्रॅम. पण त्याच्याच जोरावर ड्रिल तापलं तरी धार जात नाही.

हाच कोबाल्ट मोबाइल, लॅपटॉप आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत जातो. जगातला निम्म्याहून बराच जास्त कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो, तोही मुख्यतः तांब्याच्या खाणीतून, तांब्याबरोबर. म्हणजे नुसती कोबाल्टची मागणी वाढली म्हणून माल वाढत नाही, तांब्याचं गणितही जमावं लागतं. भाव फार पडले म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगोने निर्यातच थांबवली, पुढे ऑक्टोबरपासून कोटा लावला. त्याच फेब्रुवारीत चीनने टंगस्टन आणि मॉलिब्डेनमच्या काही मालाच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. अशा बाजारात महिन्याभराचं कोटेशन द्यायचं तर आम्हाला आधीच रेट चढवून लावावा लागेल. त्यापेक्षा सात दिवसांचं बरं.

डायसाठी डी-२ टूल स्टील घेणाऱ्यांचा संबंध व्हॅनेडियमशी. तिथे बॅटरीपेक्षा बांधकामाच्या सळईचा जोर मोठा, कारण सळई मजबूत करायला व्हॅनेडियम घालतात. २०१८ मध्ये चीनने सळईचे निकष कडक केले आणि व्हॅनेडियम भडकलं. आता वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्याही आल्यात. चीनमध्ये दालियानला २०२२ मध्ये ४०० मेगावॅट-तासांची सुरू झाली. तिच्या टाक्यांत व्हॅनेडियमचं द्रावण असतं आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

तरी बातम्या वाचून साठा करू नका. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्टही नाही, निकेलही नाही, आणि तिचा खप वाढतोय. भाव उतरतातही.

पैसे वाचवायची खरी जागा दुसरीच आहे: गरज नसताना कोबाल्ट घेऊ नका. माइल्ड स्टील किंवा ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) ला एम-२ चं ड्रिल आणि नीट कूलंट पुरतं. ३०४ स्टेनलेस किंवा हार्डनिंग केलेला ईएन-२४ (मिश्र स्टील) असेल तर मात्र एम-३५ च घ्या, तिथे काटकसर महागात पडते. आणि सोनेरी-तपकिरी रंगावर जाऊ नका. कोबाल्ट ड्रिलला तो बहुधा असतो, पण रंग फक्त वरच्या थराचा. तो साध्या ड्रिललाही देता येतो. ठिणगी बघूनही कोबाल्टची खात्री होत नाही. हीट नंबरसह (स्टीलच्या त्या वितळणीचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेट मागा, आमच्याकडूनसुद्धा.

झिजलेले कार्बाइड इन्सर्ट (टूलला लावायचे कापणारे तुकडे) भंगारवाल्याला लोखंडाच्या भावात देऊ नका. त्यात टंगस्टन तर असतंच, शिवाय ते धरून ठेवायला कोबाल्टही असतो. आम्ही ते वजनावर घेतो आणि पुढच्या बिलात वळते करतो. ब्रेझिंगने जोडलेले स्टीलचे दांडे (शँक) आणि एचएसएसचे तुकडे वेगळे काढून आणा, मिसळ आली की भाव कमी लागतो. कार्बाइडला धार लावताना मास्क लावायलाच हवा. ती धूळ फुप्फुसाला वाईट.