बॅरिऑनचं क्वार्क मॉडेल

क्वार्क म्हणजे पदार्थाचे अगदी मूलभूत कण, आणि तीन क्वार्क मिळून जो कण बनतो त्याला बॅरिऑन म्हणतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे त्यातले आपल्या ओळखीचे, बाकी लॅम्डा, सिग्मा, झाय, डेल्टा, ओमेगा अशी मोठी मंडळी आहेत जी क्षणभरच टिकतात. आत कुठले तीन क्वार्क आहेत, त्यांचं वस्तुमान किती, स्पिन (कणाचं जणू स्वतःभोवती फिरणं) कुठल्या दिशेला, एवढ्यावरून त्या अख्ख्या कणाचं वस्तुमान किंवा चुंबकत्व काढायचं, या पद्धतीला क्वार्क मॉडेल म्हणतात.

ही कल्पना 1964 ची. मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग या दोघांनी ती वेगवेगळी मांडली (झ्वाइग तेव्हा जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत होता आणि तो यांना एस म्हणायचा, पत्त्यातला एक्का, पण नाव टिकलं ते क्वार्कच). यांत क्वार्कचे अप, डाऊन आणि स्ट्रेंज असे प्रकार आहेत: अपचा चार्ज +2/3, डाऊन आणि स्ट्रेंजचा प्रत्येकी −1/3. दोन अप एक डाऊन म्हणजे प्रोटॉन, बेरीज बरोब्बर 1. एक अप दोन डाऊन म्हणजे न्यूट्रॉन, बेरीज शून्य.

त्याच्या आधीच, 1961-62 मध्ये, गेल-मान आणि युवाल नेमान यांनी कणांचे आठ-आठ आणि दहा-दहाचे गट लावले होते. दहाच्या गटात डेल्टा 1232 एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), मग सिग्मा 1385, मग झाय 1530 च्या आसपास, म्हणजे दर पायरीला साधारण 150 ची वाढ, आणि शेवटची दहावी जागा रिकामी. पुढची पायरी 1680 च्या जवळपास असणार असं 1962 लाच सांगून झालं होतं आणि फेब्रुवारी 1964 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या 80 इंची बबल चेंबरच्या (कणांचा माग बुडबुड्यांत दिसतो त्या टाकीच्या) फोटोत ओमेगा-मायनस सापडला, वस्तुमान 1672. क्वार्कच्या भाषेत याचं कारण अगदी सोपं आहे, प्रत्येक पायरीला एक हलका क्वार्क काढून त्याजागी स्ट्रेंज ठेवायचा, तो हलक्यापेक्षा तेवढ्याने जड, ओमेगात तिन्ही स्ट्रेंज.

पण मॉडेलवर खरा विश्वास बसतो तो चुंबकत्वाच्या गणितात, आणि हे कोणीही कागदावर करून बघावं. प्रोटॉनमधले दोन अप एकाच दिशेला स्पिन करून जोडीने असतात आणि डाऊन बहुतेक उलट, त्यामुळे प्रोटॉनचं मॅग्नेटिक मोमेंट (चुंबक म्हणून त्याची ताकद) येतं अपच्या मोमेंटच्या चौपटीतून डाऊनचं वजा करून त्याला तीनने भागून. न्यूट्रॉनसाठी हेच, फक्त अप-डाऊनची अदलाबदल. अप-डाऊन दोघांचं वस्तुमान सारखं धरलं की चार्जमुळे अपचं मोमेंट डाऊनच्या −2 पट, आणि प्रोटॉन भागिले न्यूट्रॉन येतं −1.5. प्रयोगात प्रोटॉनचं 2.793, न्यूट्रॉनचं −1.913, भागाकार −1.46. न्यूट्रॉनला चार्जच नाही आणि तरी तो चुंबक का, याचं उत्तरही इथेच मिळतं.

आता त्या 2.793 वरून उलटं गेलं तर हलक्या क्वार्कचं वस्तुमान 336 एमईव्ही निघतं. लॅम्डा म्हणजे प्रोटॉनमधल्या एका अपच्या जागी स्ट्रेंज, आणि त्यात अप आणि डाऊनचे स्पिन एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून त्याचं सगळं मोमेंट एकट्या स्ट्रेंजचं, ते मोजलंय −0.613, त्यावरून स्ट्रेंज 510 चा. फरक 174. आणि वजनकाट्यावर लॅम्डा 1116, प्रोटॉन 938, फरक 177! चुंबकत्व मोजून काढलेला आकडा आणि वस्तुमानाचा आकडा यांचा एकमेकांशी काही संबंध नसताना ते इतके जवळ येतात, मला तर ही या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

हे 336 म्हणजे नुसता क्वार्क नव्हे हे लक्षात ठेवायला हवं. नुसते अप-डाऊन जेमतेम 2 ते 5 एमईव्हीचे असतात, बाकीचं वजन भोवतीच्या ग्लुऑनच्या (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांच्या) ऊर्जेचं, आणि मॉडेल ते सगळं एकत्र बांधून एक जाडजूड क्वार्क समजतं.

अडचणीही लगेच आल्या. डेल्टा प्लस-प्लसमध्ये तीन अप, तिघांचे स्पिन एका दिशेला, म्हणजे असे दोन कण अगदी एकाच अवस्थेत असू शकत नाहीत हा पाउलीचा नियमच मोडला. त्यावर 1964 मध्ये ग्रीनबर्गने आणि 1965 मध्ये हान व नाम्बूने क्वार्कांना आणखी एक तीन प्रकारचा गुण असल्याचं मांडलं, तोच पुढे कलर झाला, तिघांचे कलर वेगळे म्हणून नियम शाबूत. मग 1975 मध्ये द रुहुला, जॉर्जाय आणि ग्लाशो यांनी ग्लुऑनच्या देवाणघेवाणीमुळे स्पिन-स्पिनमध्ये जोर लागतो आणि तो जड क्वार्कसाठी कमी पडतो हे धरलं, त्यातून डेल्टा प्रोटॉनपेक्षा 294 एमईव्ही जड का, आणि सिग्मा-शून्य व लॅम्डा दोन्हीत तेच तीन क्वार्क असून 77 चा फरक का, हे दोन्ही एकाच कारणाने सुटलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी इसगुर आणि कार्ल यांनी क्वार्क जणू स्प्रिंगने बांधलेत असं धरून उत्तेजित, म्हणजे जास्तीची ऊर्जा घेतलेल्या, बॅरिऑनची यादीच काढली. ती बरीच जुळली, पण रोपर रेझोनन्स हा प्रोटॉनचा एक उत्तेजित भाऊ 1440 ला सापडतो आणि स्प्रिंगच्या हिशोबाने तो 1535 एमईव्हीच्या दुसऱ्या एका भावाच्या वर हवा, खाली नाही. शिवाय मॉडेल सांगतं तितके कण प्रयोगात दिसतच नाहीत, अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमध्ये प्रोटॉनवर फोटॉन मारून ते शोधायचं काम कित्येक वर्षं चाललंय. 1980 च्या दशकात सर्नच्या ईएमसी प्रयोगाने प्रोटॉनच्या स्पिनमधला क्वार्कांच्या स्पिनचा वाटा अगदी थोडा दाखवला, तेही या साध्या चित्रात बसत नाही.

भारतात दिल्ली विद्यापीठात ए. एन. मित्रा यांनी साठच्या दशकापासून यावर काम केलं. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इथे लॅटिसवर, म्हणजे मॉडेल न धरता थेट मूळ समीकरणांवरून कॉम्प्युटरने, जड बॅरिऑनची वस्तुमानं काढतात, आणि मॉडेलचे आकडे त्याच्याशी ताडून बघता येतात.

जड क्वार्कांत मॉडेल आजही कामाला येतं. कार्लिनर आणि रोझनर यांनी 2014 मध्ये दोन चार्म क्वार्कवाल्या (चार्म हा स्ट्रेंजहूनही जड प्रकार) झायचं वस्तुमान 3627 एमईव्ही सांगितलं, 12 इकडेतिकडे होईल असं धरून, आणि 2017 मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने तो 3621 ला पकडला. त्याच पेपरात दोन बॉटमवाल्याचा (बॉटम हा चार्मपेक्षाही जड क्वार्क) आकडा 10162 दिलाय, तो कण अजून सापडायचाय.