‘रन’चे 645 अर्थ आणि मेंदूची घाई

ठाण्यात राम मारुती रोडवरून स्टेशनकडे जाताना इंग्रजी संभाषणाच्या एका क्लासची जाहिरात दिसते. ‘रन’ या एका क्रियापदाला 645 अर्थ आहेत, एवढे कोण लक्षात ठेवणार, त्यापेक्षा आमच्याकडे या आणि समानार्थी शब्दांचा तक्ता पाठ करा, असा एकूण सूर. आकडा खरा आहे, भीती मात्र खोटी.

हा आकडा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा. तिथले कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदाच्या नोंदीवर नऊ महिने काम केलं, आणि 2011 साली 645 हा आकडा सगळीकडे गाजला. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. पण कोशकार अर्थांची फोड फार बारीक करतो. प्रिन्स्टनमध्ये जॉर्ज मिलर यांनी 1985 पासून उभ्या केलेल्या ‘वर्डनेट’ या कोशात याच क्रियापदाचे अर्थ चाळीसच्या आसपास भरतात. म्हणजे अर्थ किती, हे बरंचसं मोजणाऱ्यावर अवलंबून.

मूळ अर्थ साधा, पायांनी पळण्याचा. मग पाणी आलं, रस्ते आले, यंत्रं आली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत 34 किलोमीटर आगगाडी आली, तेव्हा तिला पाय नव्हते. तरी इंग्रजीत ती ‘रॅन’ आणि मराठीत ‘धावली’. गाडीमागोमाग गिरणी, कंपनी, आता संगणकातला प्रोग्राम. प्रत्येक पायरी इतकी लहान, की नवा अर्थ शिकवावा लागतच नाही.

हे फक्त इंग्रजीतच होतं असं नाही. जॉर्ज किंग्सली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने 1945 साली दाखवून दिलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याला अर्थ जास्त, आणि ही वाढ ढोबळमानाने वर्गमुळाच्या हिशेबाने होते. शंभरपट वापरल्या जाणाऱ्या शब्दाला साधारण दहापट अर्थ. आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, वेड लागतं, फोन लागतो किंवा लागत नाही. उलट ‘प्रज्वलित होणे’ बिचारं समारंभाला येतं आणि दिव्यापाशी उभं राहतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. इतक्या अर्थांतून हवा तो आपण निवडतो कधी आणि कसा?

सहज सुचणारं उत्तर असं, की वाक्याचा रोख आधीच कळतो आणि त्यामुळे फक्त योग्य अर्थच जागा होतो. 1979 साली मायकल टॅनेनहाउस आणि सहकाऱ्यांनी हे तपासायला एक चतुर प्रयोग केला. इंग्रजीत ‘रोझ’ म्हणजे गुलाब, आणि ‘रोझ’ म्हणजे उठले. सहभागी व्यक्तीच्या कानावर ‘ते सगळे उठले’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पडतं, शेवटचा शब्द ‘रोझ’. तो संपतो न संपतो तोच पडद्यावर ‘फ्लॉवर’ हा शब्द येतो. तो मोठ्याने वाचायचा, एवढंच काम. मोजायचं काय, तर पडद्यावर शब्द आल्यापासून उच्चार सुरू होईपर्यंतचा वेळ.

यामागची मेख अशी. एखादा अर्थ डोक्यात आधीच जागा असेल, तर त्याच्या नात्यातला शब्द किंचित लवकर वाचला जातो. फरक सेकंदाच्या काही शतांश भागांचा. आपल्याला जाणवणार नाही, यंत्राला मोजता येतो. वाक्यात गुलाबाचा मागमूस नाही, सगळे उठून उभे राहिलेत. मग ‘फ्लॉवर’ला मदत व्हायला नको. पण झाली! वाक्य उठण्याचं असूनही फूल जागं झालं होतं. आणि तोच शब्द 200 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाने उशिरा दाखवला, तर मदत गायब.

वर्गात ‘पाटील’ अशी हाक मारली की चारही पाटील माना वर करतात, आणि पुढचा शब्द ऐकून तिघे पुन्हा वहीत डोकं घालतात, तसं हे. फरक इतकाच, की डोक्यातल्या त्या तिघांनी मान वर केली होती हे आपल्याला कधी कळतच नाही.

त्याच वर्षी डेव्हिड स्विनी यांनी ‘बग’ या शब्दावर असाच प्रयोग केला: एक अर्थ किडा, दुसरा लपवलेला मायक्रोफोन. वाक्यात कोळी आणि झुरळं स्पष्ट असूनही, शब्द ऐकताक्षणी पडद्यावरच्या ‘मुंगी’इतकीच मदत ‘गुप्तहेर’ या शब्दालाही होत होती. वाक्याची आणखी तीन अक्षरं कानावर पडल्यावर फक्त मुंगी उरली. पुढे 1988 साली वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजून डफी, मॉरिस आणि रेनर यांनी यात भर घातली: दोन अर्थांपैकी एक फार रुळलेला असेल आणि संदर्भ दुसऱ्याच्या बाजूचा असेल, तर डोळा त्या शब्दावर जरा जास्त रेंगाळतो. म्हणजे जाग येण्याचा जोर वापराच्या प्रमाणात, निवड संदर्भाची, आणि दोघांची ओढाताण वेळेत मोजता येते.

मराठीत हे आपण रोज करतो. ठाणे स्टेशनवर कोणी म्हणालं ‘गाडी लागली’, तर लोक फलाटाकडे पळतात. ‘मला गाडी लागली’ म्हटलं, तर पिशवी आणि लिंबू शोधतात. दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच. एका ‘मला’ने काम भागतं.

मग अर्थ जास्त म्हणजे ओझं जास्त का? 2002 साली जेनी रॉड आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकार वेगळे काढले. ‘बार्क’ म्हणजे झाडाची साल आणि कुत्र्याचं भुंकणं, एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. असे शब्द ओळखायला वेळ जास्त लागतो. ‘ट्विस्ट’ म्हणजे पिळणं, मुरडणं, कथेतलं वळण, सगळे एकाच कुळातले. असे शब्द उलट लवकर ओळखले जातात. ‘रन’चे बहुतेक अर्थ या दुसऱ्या जातीचे.

समानार्थी शब्दांच्या तक्त्याचं म्हणाल, तर पाठ करायला हरकत नाही, पण अदलाबदल होत नाही. ‘रन’च्या जागी ‘मॅनेज’ कंपनीला चालतं, वाहत्या नाकाला नाही. ‘फ्लो’ नदीला शोभतं, बसला नाही. म्हणून तर वर्डनेटमध्ये एकक शब्द नसून अर्थ आहे: एका अर्थाचे सगळे शब्द एका गटात, आणि एकच शब्द अनेक गटांत. पवईच्या आयआयटी मुंबईत हिंदी आणि मराठीसाठी असे कोश याच तत्त्वावर झाले.

जाता जाता त्या फॉरवर्डविषयी, जो सोसायटीच्या ग्रुपवर दर गणपतीला येतो: संस्कृतात एका शब्दाला एकच अर्थ, म्हणून नासाने ती संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली. नासाने असं काही ठरवलेलं नाही. नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज या एका संशोधकाने 1985 साली, शास्त्रग्रंथांतल्या संस्कृत विश्लेषणाबद्दल एक लेख लिहिला, त्याची ही फुगवलेली आवृत्ती. अहो, अमरकोशात अनेकार्थी शब्दांसाठी ‘नानार्थवर्ग’ असा वेगळा वर्गच आहे! जेवताना ‘सैंधव आण’ म्हटलं तर मीठ, निघताना म्हटलं तर घोडा, हे उदाहरण संस्कृत पंडितांचंच.

आणि त्यांनी नुसती तक्रार केली नाही. सुमारे पाचव्या शतकातल्या भर्तृहरी या व्याकरणकाराने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली: संसर्ग (म्हणजे जोड), साहचर्य (सोबत), विरोध, प्रकरण (प्रसंग), औचित्य, देश, काल. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी 1957 साली लिहिलं. आजचे भाषांतर करणारे प्रोग्रामही प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक रांग देतात आणि आजूबाजूचे शब्द बघून ती वाक्यागणिक बदलतात. भर्तृहरीच्या यादीतलं साहचर्य त्यांना छान जमतं. बोलणारा फलाटावर उभा आहे की घाटात बसमध्ये, हे मात्र त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.