एकदा दिलेला कौल पुन्हा मागावा का?

२०१४ च्या जानेवारीत आमच्या चौकात, तर्री-पोह्याच्या ठेल्याला लागूनच, कापडी मंडप पडला होता. आत दोन टेबलं आणि कुलूप लावलेली एक पेटी. ‘जनमंच’ या संघटनेने वेगळ्या विदर्भावर नागपूरकरांचा कौल घ्यायचं ठरवलं होतं. रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांनी चिठ्ठीची नीट घडी घातली, फटीतून आत सरकवली आणि ती खाली पडली की मधेच अडकली, हे वाकून पाहिलं. मग टेबलामागच्या पोराला विचारलं, “आता होईन ना बाप्पा विदर्भ?” पोरगा गप्प राहिला. त्या कौलाला कायद्याचा काहीच आधार नव्हता. नव्वद टक्क्यांहून जास्त मतं वेगळ्या राज्याच्या बाजूने पडली आणि सरकारदरबारी पानही हललं नाही.

अडीच वर्षांनी, २३ जून २०१६ ला, ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमत घेतलं. तिथे कौल खुद्द सरकारने मागितला, लोकांनी तो दिला आणि पुढची साडेतीन वर्षं सारा देश एकाच वादात अडकला: हा कौल पुन्हा घ्यावा का? आमच्याकडे टपरीवर हा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणायचंच, “एकदा मत देल्लं ना, मंग पुन्हा काहून?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र ब्रिटनच्या त्या एका मतदानात सापडत नाही, थोडं मागे जावं लागतं.

मुळात २०१६ चं मतदान हेच ब्रिटनचं या विषयावरचं दुसरं सार्वमत होतं. १९७३ मध्ये देश तेव्हाच्या युरोपीय समुदायात गेला आणि ५ जून १९७५ ला हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने ‘राहायचं का?’ असं लोकांना विचारलं. ६७ टक्के लोक हो म्हणाले. तेव्हा हरलेल्यांनी प्रश्न सोडून दिला नाही, चार दशकं तो जिवंत ठेवला. २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी सार्वमताचं वचन दिलं, २०१५ ची निवडणूक जिंकली आणि कायदा केला. त्या कायद्यात एक मोठी उणीव राहून गेली. ‘बाहेर पडा’ असा कौल आला तर पुढे काय करायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. २०११ मध्ये मतदान पद्धतीवरच्या सार्वमताच्या वेळी निकाल सरकारवर बंधनकारक केलेला होता. या वेळी तसं केलं नाही. किमान किती मतदान हवं, किती फरक हवा, यावरही कायदा गप्प होता.

निकाल लागला ५१.९ विरुद्ध ४८.१. बाहेर पडण्याच्या बाजूने सुमारे १ कोटी ७४ लाख, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहायचं म्हटलं, उत्तर आयर्लंडनेही बहुमताने तेच सांगितलं. विजेता ७५ टक्क्यांपेक्षा कमी मतदानात ६० टक्क्यांखाली राहिला तर पुन्हा मतदान घ्या, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर निकालानंतर चाळीस लाखांहून जास्त सह्या झाल्या. तो अर्ज बाहेर पडण्याच्या बाजूच्या एका तरुणाने मतदानाच्या आधीच टाकला होता, कारण आपली बाजू हरेल असं त्याला वाटत होतं. निकाल ५२-४८ असा राहण्याच्या बाजूने लागला तर काम अपुरं राहील, असं बाहेर पडण्याच्या बाजूचे पुढारी नायजेल फराज यांनीही मतदानाआधी बोलून दाखवलं होतं. म्हणजे दुसऱ्या कौलाची तयारी दोन्ही बाजूंच्या मनात पहिल्याच्या आधीपासून होती.

खरी अडचण पुढे आली. ‘बाहेर’ या एका शब्दात अनेक वाटा दडलेल्या होत्या: नॉर्वेसारखं युरोपच्या सामायिक बाजारात राहून बाहेर, कॅनडासारखा व्यापार करार करून बाहेर, की कराराविनाच बाहेर? १५ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ असा कोसळला. त्यानंतर तो आणखी दोनदा पडला. १ एप्रिलला ‘कोणताही करार आधी लोकांपुढे ठेवा’ हा ठराव २९२ विरुद्ध २८० असा फक्त १२ मतांनी हरला. लंडनच्या रस्त्यांवर लाखोंचे मोर्चे निघाले, करार मंजूर झाला नाही, सार्वमतही झालं नाही. शेवटी १२ डिसेंबर २०१९ ला निवडणूक झाली. बोरिस जॉन्सन यांच्या पक्षाला ४३.६ टक्के मतं आणि ३६५ जागा मिळाल्या आणि दुसऱ्या सार्वमताचं दार बंद झालं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला.

माझं मत सरळ सांगतो. २०१९ मध्ये तयार करार लोकांपुढे ठेवणं न्याय्य होतं. २०१६ ला लोकांनी दिशा सांगितली होती, अटी त्यांना कोणी विचारल्याच नव्हत्या. पण ही दुसरी पायरी २०१५ च्या कायद्यातच लिहायला हवी होती. निकालानंतर मागितल्यामुळे तीच मागणी हरलेल्यांचा हट्ट ठरली.

असे दुसरे कौल जगात अनेक झाले. डेन्मार्कने जून १९९२ मध्ये युरोपीय संघ उभा करणारा मास्ट्रिख्त करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला. चार सवलती मिळाल्यावर मे १९९३ मध्ये ५६.७ टक्क्यांनी स्वीकारला. त्या रात्री कोपनहेगनमध्ये दंगल झाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. आयर्लंडने युरोपीय संघाचाच नीस करार २००१ ला नाकारून २००२ ला मान्य केला, लिस्बन करार २००८ ला नाकारून २००९ ला. दोन्ही वेळा मधे काही आश्वासनं मिळाली होती. तरी ‘हवं ते उत्तर येईस्तोवर विचारत राहतात’ हा राग युरोपात उरला, आणि ब्रिटनमधल्या वादात तोच राग पुन्हा पुन्हा ऐकू आला.

काही दुसऱ्या कौलांबद्दल मात्र फारशी कुरकुर झाली नाही. वेल्सने स्वतःची विधानसभा १९७९ मध्ये जवळपास चारास एक मतांनी धुडकावली आणि १९९७ मध्ये ५०.३ टक्क्यांनी स्वीकारली. फरक फक्त ६,७२१ मतांचा होता. आयर्लंडमध्ये घटस्फोटाला १९८६ ला ठाम नकार मिळाला, १९९५ ला ९,११४ मतांनी होकार. मधे बरीच वर्षं गेली होती, म्हणून इतका थोडा फरकही लोकांनी मानला.

दोन पायऱ्या आधीच आखल्या तर काय होतं, हे न्यूझीलंडने दाखवलं. निवडणूक पद्धत बदलायची का आणि बदलली तर कोणती, हे १९९२ मध्ये विचारलं. सुमारे ८५ टक्के लोक बदल हवा म्हणाले. मग १९९३ मध्ये निवडलेली नवी पद्धत जुन्या पद्धतीच्या समोर उभी केली आणि ती ५३.९ टक्क्यांनी जिंकली. हा कौल बंधनकारक होता. पाठिंबा ८५ वरून ५४ वर आला, तरी कोणी फसवणुकीची ओरड केली नाही, कारण दुसरं मतदान होणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आता आपल्या घरात येऊ. मराठी माणसाला सार्वमत म्हटलं की गोवा आठवायला हवा. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि दोनच वर्षांत महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या समर्थकांचं म्हणणं होतं की निवडणूक जिंकली म्हणजे कौल मिळाला. विलीनीकरणाच्या विरोधातले नेते जॅक सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी म्हणाले, नाही, हा प्रश्न वेगळा विचारा. संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकर सरकार पायउतार झालं. १६ जानेवारी १९६७ ला फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश, अशा चिन्हांवर मतं पडली. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०.

पुढचं मला नेहमी विचारात पाडतं. अवघ्या दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. माणूस हवा, त्याचा प्रस्ताव नको, इतकं स्वच्छ त्यांनी सांगितलं. विलीनीकरण पुन्हा कधी मतपेटीपुढे गेलं नाही. वीस वर्षांनी, ३० मे १९८७ ला, गोवा स्वतंत्र राज्य झाला. हा तिसरा पर्याय १९६७ च्या चिठ्ठीवर नव्हताच.

विदर्भाच्या वाट्याला तर पहिला कौलही आला नाही. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं. विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं एक अधिवेशन, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि निधीत न्याय्य वाटा देण्याचं वचन दिलं. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती बाजूला ठेवून १९५६ मध्ये आपल्याला द्विभाषिक मुंबई राज्यात घेतलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आणलं. कोणी मत विचारलं नाही. पुढे वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते म्हणून १९६२ ला लोकनायक बापूजी अणे आणि १९७१ ला जांबुवंतराव धोटे नागपुरातून लोकसभेवर गेले, तेव्हा त्या निकालांनाच लोकांनी कौल मानलं. २०१५ मध्ये तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी विदर्भात सार्वमत घ्या असं जाहीरपणे म्हटलं आणि गदारोळ उठला. पुढच्या मार्चमध्ये, मराठवाड्याबद्दलच्या वक्तव्यावरून वाद पेटल्यावर, त्यांनी पद सोडलं.

राज्यघटनेत अशा सार्वमताची तरतूद नाही. कलम ३ प्रमाणे नवं राज्य संसद करते, विधानसभेचं मत फक्त मागवलं जातं आणि ते बंधनकारकही नसतं. तरी उद्या गोव्यासारखा खास कायदा झालाच, तर माझी मागणी दोन चिठ्ठ्यांची असेल आणि दोन्हींची तारीख त्याच कायद्यात हवी. पहिल्या चिठ्ठीवर एकच ओळ: वेगळं राज्य हवं की नको. हवं असा कौल आला तर दुसऱ्या चिठ्ठीआधी पूर्ण हिशेब छापून घरोघर पोचवावा: महाराष्ट्राच्या कर्जातला वाटा, सिंचनाच्या अनुशेषाचं काय, गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांचा खर्च कोण उचलणार, कोळशावरच्या विजेचे दर काय, पश्चिमेकडच्या जिल्ह्यांना राजधानी नागपूर चालेल का. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाची मोजणी करून दाखवली होती, म्हणजे असा हिशेब मांडता येतो.

२०१४ च्या त्या मंडपात यातलं काहीच टेबलावर नव्हतं. आजी दोन वेळा मागे वळून पाहत घरी गेल्या, आणि संध्याकाळी पोरांनी पेटी ऑटोत टाकून मोजणीला नेली.